व्याख्या पाठ करू नका, वहीत रंगमंच काढा

सांगलीहून लिहिणाऱ्या ताई,

सप्रेम नमस्कार.

मुलगी बारावीला आहे, पुढे नाट्यशास्त्र घ्यायचं म्हणते. त्यासाठी जुनी नाटकं वाचायला बसली, पण स्वगत, जनांतिक, नेपथ्य असल्या शब्दांपाशी अडते. आधी सगळ्या व्याख्या पाठ करून घ्याव्यात का, आणि या वाटेने पोट भरेल का, असे दोन प्रश्न तुम्ही विचारलेत.

पाठांतर नको. नाटकातला असा बहुतेक प्रत्येक शब्द हा नटाला किंवा पडद्यामागच्या माणसाला दिलेली सूचना असतो. कुठे उभं राहायचं, कुणाला ऐकू जाईल असं बोलायचं. ते समजलं की व्याख्या तिला स्वतःला लिहिता येईल.

तिला वहीच्या पानावर एक मोठा चौकोन काढायला सांगा. खालची रेघ प्रेक्षकांची, दोन्ही बाजूंना विंगा, म्हणजे पात्रांच्या येण्या-जाण्याच्या आडोशाच्या जागा. पात्रांसाठी शर्टाची बटणं घ्या. आता वाचताना पात्र आलं की बटण आत, गेलं की बाहेर. तीन बटणं मंचावर असताना एक पात्र 'स्वगत' बोललं, तर ते प्रेक्षकांना ऐकू येतं, बाकीच्या दोन बटणांना नाही. 'जनांतिक' असेल तर दोघं आपसात बोलतात आणि तिसऱ्याने ते ऐकलं नाही असं आपण मानायचं. स्वगत आणि नाट्यछटा (एकाच पात्राच्या तोंडचा छोटा नाट्यमय लेख) यांत मुलांची हमखास गल्लत होते, कारण दोन्हींत एकच माणूस बोलताना दिसतो. पण नाट्यछटाकार दिवाकरांच्या नाट्यछटेतलं पात्र समोरच्या कुणाशी तरी बोलत असतं. त्या दुसऱ्याचं बोलणं छापलेलं नसतं, ते आपण ताडायचं. म्हणजे तिथे न दिसणारं आणखी एक बटण ठेवावं लागेल.

चौकोनात डावं-उजवं लिहाल तेव्हा एक लक्षात ठेवा: ते प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचं असतं. आपल्या खुर्चीवरून ते उलटं दिसतं.

'नेपथ्य' हा शब्द तर फसवतोच. आज आपण मंचावरच्या दिवाणखान्याला, जिन्याला, खिडकीला नेपथ्य म्हणतो. संस्कृत नाटकात मात्र नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी वेश चढवण्याची जागा. त्यामुळे नेपथ्यातून आवाज आला, असं वाचलं की बोलणारा मंचावर नाही हे ओळखायचं. जुन्या मराठी नाटकांत कंसात 'पडद्यात' असं छापलेलं दिसतं, त्याचाही अर्थ तोच. कंसातला मजकूर म्हणजे रंगसूचना. मुलं ती गाळून संवादावर उडी मारतात, आणि मग पात्र अचानक का दचकलं ते कळत नाही. नांदी (सुरुवातीचं मंगलगान), सूत्रधार (नाटकाची ओळख करून देणारा), भरतवाक्य (शेवटची प्रार्थना) हे शब्द एखादं संगीत नाटक वाचताना आपोआप बसतील, त्यांची चिंता नको.

अंक म्हणजे नाटकाचे मोठे भाग आणि प्रवेश म्हणजे अंकातले छोटे भाग; ते समजायला गडकऱ्यांचा 'एकच प्याला' घ्या. नाटक पाच अंकी. वकिलीची सनद काही काळासाठी गेलेल्या सुधाकराला तळीराम दारूची वाट दाखवतो, आणि पुढे त्याच्या बायकोच्या, सिंधूच्या संसाराची राख होते. प्रत्येक अंकाचा पडदा कोणत्या वाक्यावर पडतो, ते तिने लिहून काढावं. शिवाय एवढ्या शोकांतिकेत तळीरामाच्या आर्यमदिरामंडळाचे (दारुड्यांच्या मंडळाचे) विनोदी प्रवेश का ठेवले असतील, यावर तिचं स्वतःचं मत अर्ध्या पानात मांडावं. मला तिचं उत्तर वाचायला मनापासून आवडेल.

आता पोटापाण्याचं. केवळ अभिनयावर नियमित पगारासारखं उत्पन्न मिळेल, असं मी तुम्हाला सांगणार नाही. ते फार थोड्यांना साधतं. पण नाटक असं बारकाईने वाचता येणारी मुलगी प्रकाशयोजना, नेपथ्य, वेशभूषा, लेखन, भाषांतर, डबिंग, शाळेत नाटक शिकवणं, यांपैकी कशातही पाय रोवू शकते. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाचा नाट्यविभाग इथे चौकशी करा. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय 1959 पासूनचं, तिथला अभ्यासक्रम तीन वर्षांचा. पण त्याला पदवी लागते, म्हणून आधी पदवी हातात घेऊ द्या. दरम्यान कॉलेजच्या एकांकिकेत तिला पडद्यामागचं काम मिळालं तरी नाक मुरडू नका.

आणि तुम्ही तर सांगलीत राहता! विष्णुदास भाव्यांनी 1843 साली 'सीता स्वयंवर' हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक केलं, ते याच गावात. पुढचं नाटक गावात लागेल तेव्हा प्रयोगाच्या दोन-तीन तास आधी तिला घेऊन नाट्यगृहावर जा. व्यवस्थापकांना विचारून, सेट लागत असताना मागे उभं राहू द्यात का, एवढंच म्हणा. वही आणि बटणं सोबत असू द्या.

तुमचा,
करिअर मार्गदर्शक