आडनाव आधी की नाव आधी?

प्रश्न : मावशी, मी २४ वर्षांची, बी.कॉम. झालेली, एका सीएंच्या ऑफिसात अकाउंटचं काम करते. ऑस्ट्रेलियाच्या ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसावर वर्षभर जाऊन यायचं मनात आहे. तयारी कुठून सुरू करू? बाबा म्हणतात, “हॉटेलात बशा विसळायला पदवी घेतलीस का?”
– म., दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : आधी कपाटातून गुणपत्रिका काढ आणि पासपोर्टशेजारी ठेव. आपल्या गुजरातेत गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग तुझं नाव, मग बाबांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकानाच वेगळा. पॅनवर आणखी काही असेल, तर तेही बघ. बँकेत तेहतीस वर्षं काढली मी. ‘ही बाई आणि ती बाई एकच’ अशा अ‍ॅफिडेव्हिटांचा गठ्ठा अजून स्वप्नात येतो. या व्हिसासाठी आपल्याकडच्यांना आधी सोडतीत नाव नोंदवावं लागतं, त्याला पासपोर्ट आणि पॅन दोन्ही लागतात. नाव निघालं की अर्जाला फक्त २८ दिवस. स्पेलिंग दुरुस्त करत बसायला ते पुरत नाहीत, म्हणून ते काम आत्ताच उरक.

सोडतीचं म्हणशील तर नोंदणीची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर आणि भारतीयांना वर्षाला १००० जागा. २०२४ च्या ऑक्टोबरपासून हे सुरू झालं. नावं संगणक काढतो, तिथे कुणाची ओळख चालत नाही. माझ्या भाच्याला इथल्याच एका एजंटाने “नंबर पक्का” म्हणून साठ हजारांना बुडवलं. माझी बहीण अजून त्या रस्त्याने रिक्षा नेऊ देत नाही. तू स्वतः ऑस्ट्रेलियाच्या गृहखात्याच्या साइटवर नोंदणी कर. या वर्षी नाही निघालं तर पुढच्या वर्षी कर, ३१ पूर्ण होईपर्यंत अर्ज करता येतो. नाव निघायच्या आधी नोकरी मात्र सोडू नकोस.

पैसे. साधारण ५००० डॉलर आणि परतीच्या तिकिटाची सोय दाखवावी लागते. म्हणजे तिकीट धरून साडेतीन-चार लाखांची जुळवाजुळव झाली. आत्याने, मामाने एकाच दिवशी खात्यात टाकलेली रक्कम लगेच नजरेत येते, हे मी काउंटरच्या पलीकडून सांगते. आजपासून थोडे थोडे साठव. आरोग्य विमाही त्यातच धर, तिथे दात दुखला तरी खिसा रिकामा होतो.

आता बाबा. त्यांचं अर्धं बरोबर आहे. एका मालकाकडे साधारणपणे सहा महिन्यांपेक्षा जास्त राहता येत नाही, त्यामुळे ऑफिसातली बरी जागा सहसा मिळत नाही. कॅफे, हॉटेल, फळतोडणी, असंच काम हाती येतं. दारू वाढायची असेल तर त्याचा वेगळा छोटा कोर्स करावा लागतो. (हे बाबांना शेवटी सांग.) पण हिशेब तू स्वतः मांडून त्यांच्यापुढे ठेव. जुलै २०२५ मध्ये किमान वेतन ताशी २४.९५ डॉलर झालं. ३८ तासांच्या आठवड्याचे झाले ९४८. मालकाची करखात्याकडे नोंद असेल तर पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर, म्हणजे हातात साधारण ८०६. त्यातून भाडं आणि खाणं वजा कर, मग बाबांशी बोल. मालक पगाराबरोबर १२ टक्के ‘सुपर’मध्ये, म्हणजे तिथल्या पीएफसारख्या खात्यात भरतो. कायमची परत आल्यावर ते मागता येतं, पण त्यावर ६५ टक्के कर कापतात. ते मिळालं तर चहापाण्याला, इतकंच धर.

उतरल्यावर तिथल्या करखात्याकडून टॅक्स फाइल नंबर घे, फुकट मिळतो. मालक म्हणाला, “एबीएन काढ, मग पैसे देतो,” तर सावध राहा. एबीएन हा धंदा करणाऱ्याचा नंबर. म्हणजे तुला नोकर न दाखवता ठेकेदार दाखवायचं, आणि किमान वेतन, सुपर दोन्ही टाळायचं. दुसरीकडे काम शोध.

बशांचं म्हणशील तर आजपासून घरच्या विसळ. आईही खूश होईल.

बॅग भरताना आई लीलो चेवडो आणि भाखरवडी कोंबेलच. विमानात देतात त्या कार्डावर खाद्यपदार्थांपुढे ‘हो’ लिही आणि डबा तपासणीला वरच ठेव. लपवलंस तर दंड भरशील. पेढे नेऊ नकोस, दुधाची मिठाई ते आत येऊ देत नाहीत. पेढे इथेच शेजारी वाट, आणि एक पुडा माझ्याकडे.