शिकागोजवळ नवं घर घेतलंय. मागच्या अंगणातलं लॉन काढून प्रेअरीची, म्हणजे इथल्या गवताळ माळरानाची, देशी झाडं लावायची आहेत. आखणी कशी करावी?

आखणी नंतर. आधी झाडांच्या पाट्यांवर काय लिहायचं ते ठरवा. हसू नका.

आम्ही शिकागोजवळच, नेपरव्हिलला. मागच्या कुंपणालगत १० बाय १२ फुटांचा तुकडा घेतला, मे महिन्यात १२० रोपं फूटभर अंतराने लावली. त्यात आठ वाइल्ड क्विनाइनची. पांढरी, फुलकोबीच्या तुऱ्यांसारखी फुलं, इलिनॉयच्या प्रेअरीतलं अस्सल देशी झाड. शास्त्रीय नाव पार्थेनियम इंटेग्रिफोलियम. आइस्क्रीमच्या काडीवर दुसरा शब्द मावेना, म्हणून मी नुसतं ‘पार्थेनियम’ लिहिलं.

जूनमध्ये साताऱ्याहून सासरे आले. सगळी नोकरी कृषी खात्यात. पार्थेनियम हिस्टेरोफोरस, म्हणजे आपलं गाजरगवत, १९५५ च्या सुमारास पुण्यात दिसलं आणि पुढे महाराष्ट्रभर बांधाबांधावर पसरलं. ते उपटायच्या मोहिमा त्यांनी काढलेल्या. रविवारी सकाळी चहा घेऊन मागे गेलो तर हे उकिडवे बसलेले, अंगाला खाज सुटू नये म्हणून दोन्ही हातांत भाजीच्या प्लास्टिकच्या पिशव्या. आठही रोपं मुळांसकट उपटून ओळीने मांडलेली.

“जावईबापू, पैसे देऊन आणलंत हे?”

बायकोचं म्हणणं आजही हेच की पाटी तुझी, चूक तुझी. मला मान्य नाही. माणसाने पान तरी बघावं! गाजरगवताचं पान गाजरासारखं चिरलेलं. याचं अख्खं, लांबट, खरखरीत, कडेला दाते. इंटेग्रिफोलियमचा अर्थच अखंड पानाचं. (हो, काडीवर न मावलेला शब्द तोच. माहीत आहे.) रोपं लगेच परत लावली, पाच जगली.

आता तुमचं. अर्धी जागा गवतांना द्या, नुसती फुलं लावलीत तर सगळी आडवी होतात. पुढे प्रेअरी ड्रॉपसीड, मध्ये लिटल ब्लूस्टेम (ही दोन्ही गवतं), जांभळं कोनफ्लॉवर आणि केशरी बटरफ्लाय वीड. बटरफ्लाय वीड आपल्या रुईच्या कुळातलं, मोनार्क फुलपाखरं यावर अंडी घालतात. मागे एखादंच कंपास प्लांट (उंच, पिवळ्या फुलांचं), आणि जागा विचार करून निवडा, त्याचं मूळ १०-१५ फूट खाली जातं, नंतर हलवता येत नाही. बिग ब्लूस्टेम राज्याचं गवत असलं तरी लहान अंगणात नको, माणसाच्या डोक्यावर जातं. मोठ्या दुकानांतली ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ची पाकिटं घेऊ नका, त्यांत बरंचसं परदेशी निघतं. ऑगस्टमध्ये लाइल गावातल्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातली शुलेनबर्ग प्रेअरी बघून या, १९६२ पासून लावत आणलेली आहे. कागदावर आखण्यापेक्षा तिथे जास्त कळेल. पहिल्या वर्षी वर काहीच दिसणार नाही, सगळं मुळांत चाललेलं असतं. नेमक्या त्याच वर्षी घरी पाहुणे बोलावू नका.

राहिलंच: कॅनडा गोल्डनरॉड हे पिवळ्या फुलांचं झाड लहान अंगणात शिरू देऊ नका, फार पसरतं. खणण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-पाइप कुठे आहेत ते खुणा करून देतात. आणि होमओनर्स असोसिएशनला (आपल्या सोसायटीसारखी घरमालकांची संस्था) २०२४ च्या कायद्यामुळे इलिनॉयमध्ये देशी झाडांवर सरसकट बंदी घालता येत नाही, पण निगा राखलेली दिसली पाहिजे.

पाट्यांवर आता मी मराठीत लिहितो. क्विनाइनच्या काडीवर ‘हे गाजरगवत नव्हे’. यंदा ते फुललं तेव्हा सासऱ्यांना फोटो पाठवला. उत्तर आलं, “छान. बी धरायच्या आत काढून टाका.”