थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) फ्लुरोसन्सने, म्हणजे प्रकाश टाकल्यावर येणाऱ्या चमकेने ओळखल्या, तर त्या वाचल्याच असं समजावं का?

नाही. ओळख आणि रक्तपुरवठा या दोन वेगळ्या तपासण्या आहेत.

सुमारे 785 नॅनोमीटरचा निअर-इन्फ्रारेड (डोळ्यांना जवळपास न दिसणारा) प्रकाश टाकला की पॅराथायरॉइड कोणत्याही रंगद्रव्याविना 820 नॅनोमीटरच्या आसपास चमकते. पण रक्तपुरवठा तुटलेली ग्रंथीही तशीच चमकते, फसगत होते ती इथेच! रक्तपुरवठा पाहायला थायरॉइड काढल्यावर इंडोसायनिन ग्रीन हे चमकणारं रंगद्रव्य शिरेतून द्यावं. एक-दोन मिनिटांत चित्र कळतं. क्रम मात्र उलटा नको, रंगद्रव्याच्या चमकेत मूळ चमक झाकली जाते.

ही चमक टिपणारा कॅमेरा लावताना ऑपरेशनचे दिवे बाजूला वळवा, रक्त टिपून घ्या. प्रकाश काही मिलिमीटरच आत जातो, त्यामुळे चरबीखालची ग्रंथी दिसत नाही. तपकिरी चरबी किंवा कोलॉइड गाठही (थायरॉइडमधल्या चिकट द्रवाने भरलेली गाठ) चमकू शकते. काढलेला थायरॉइड पॅथॉलॉजीला पाठवण्याआधी त्यावरही कॅमेरा जरूर फिरवा. चिकटून आलेली ग्रंथी सापडली, तर बारीक तुकडे करून मानेच्या स्नायूत रोवता येते.