वाचक विचारतात: विहिरीत पोहणारी लेक स्पर्धेत उतरेल का?

प्रश्न: आम्ही आर्णी तालुक्यातले. मुलगी तेरा वर्षांची, जन्मापासून डावा हात कोपराखाली नाही. विहिरीत झकास पोहते. पुढे काय करावं? – एक पालक

उत्तर: आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी अपंगत्व ओळखपत्र काढा. पण त्यावरच्या अपंगत्वाच्या टक्क्यांनी पॅरा-जलतरण (अपंग खेळाडूंच्या पोहण्याच्या) स्पर्धेतला गट ठरत नाही. तो वर्गीकरण करणारे तज्ज्ञ शरीराची तपासणी करून आणि पाण्यात पोहायला लावून ठरवतात. शारीरिक अपंगत्वासाठी एस1 ते एस10 असे गट आहेत. आकडा जितका लहान, तितकी मर्यादा जास्त. तिचा गट बहुधा एस9च्या आसपास येईल. ब्रेस्टस्ट्रोकला (बेडकासारखे हातपाय मारत पोहण्याला) एसबी हा वेगळा गट मिळतो. शर्यतीत कृत्रिम हात चालत नाही, म्हणून सरावातही नको.

खरी अडचण विहिरीच्या सवयीची आहे. डोकं वर ठेवून पोहलं की कंबर बुडते, वेग जातो. नजर तळाकडे हवी, श्वास डोकं बाजूला वळवून. अर्धा हात अंगाशी चिकटवून ठेवू देऊ नका. तोही फिरला पाहिजे, नाहीतर अंग एका बाजूला ओढलं जातं आणि सगळा भार उजव्या खांद्यावर येतो. खांदा दुखायला लागला की हातांचा सराव थांबवून नुसत्या पायांचा घ्या: 50 मीटर सहा वेळा, मधे अर्धा मिनिट दम.

विहिरीत वळण, म्हणजे भिंतीपाशी पोहोचून झटकन उलट फिरणं, शिकता येत नाही. सुट्टीत तरी यवतमाळ किंवा अमरावतीला पोहण्याच्या तलावावर (स्विमिंग पूलवर) न्या. कॅनॉलच्या वाहत्या पाण्यात सराव मुळीच नको.

आपल्या मुरलीकांत पेटकरांनी 1972 साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिंपिकमध्ये, 50 मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं, हे तिला जरूर सांगा.