सुलिव्हन घराण्याचा माग : आधी आतेसासूबाई, मग आडनाव

ताई, तुमचा प्रश्न वाचला. नवऱ्याचे खापरपणजोबा जेरेमाया सुलिव्हन १८८५ च्या सुमारास आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातून मोंटानात, ब्यूटच्या तांब्याच्या खाणीत आले. त्यांचं मूळ घर शोधायला नवऱ्याची वाय-डीएनए चाचणी करावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं सासरही सुलिव्हनच, कॉर्कच्या पश्चिम टोकाच्या बेरा द्वीपकल्पातलं. ब्यूटला गेलेले कितीतरी खाणकामगार तिथलेच, म्हणून सविस्तर लिहिते.

वाय-डीएनए सध्या राहू द्या. ती बापाकडून मुलाकडे जाते, अगदी आडनावासारखी, म्हणून तिचा मोह पडतो. पण तिच्यातून बहुतेक वेळा शेकडो वर्षांपूर्वीची शाखा कळते. तुम्हाला हवाय १८६० च्या आसपासचा एक उंबरठा.

तुमच्या आतेसासूबाई ८२ वर्षांच्या आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. माझ्या मते तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच. त्यांची ऑटोसोमल चाचणी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आलेला डीएनए तपासणारी, याच महिन्यात करा, अर्थात त्यांना नीट समजावून, त्यांच्या संमतीने. जेरेमायांचा सरासरी सोळावा हिस्सा तुमच्या नवऱ्याकडे आलाय, आतेसासूबाईंकडे आठवा. वयस्कर माणसांना नळीभर थुंकी जमवणं जड जातं, म्हणून गालाच्या आतून काडी फिरवायची असते ते किट मागवा. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मी 'पुढच्या नाताळात करू' म्हणत राहिले. तो नाताळ त्यांनी पाहिला नाही. ती चुटपुट अजून जात नाही.

निकालातल्या आकड्यांवर मात्र भिस्त ठेवू नका. दोघांच्या डीएनएतला सारखा भाग सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात; ३५ सेंटिमॉर्गन जुळले तर एरवी साधारण चौथ्या पिढीतलं चुलत नातं धरतात. बेरात त्याच त्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या सोयरिकी झाल्या, त्यामुळे आकडा फुगतो आणि नातं आहे त्यापेक्षा जवळचं वाटतं. जुळलेल्या लोकांच्या वंशावळीत कुठलं टाउनलँड पुन्हा पुन्हा येतं ते बघा. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीएवढा टापू. शोध तिथवरच न्यायचाय.

हे होईतो अमेरिकेतले कागद काढा: जेरेमायांचा मृत्यूचा दाखला, चर्चमधली लग्नाची नोंद, थडग्यावरचा मजकूर. त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव मिळालं तर निम्मं काम झालं. ते नसेल तर एकाच पॅरिशमधले, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतले, डझनभर जेरेमाया सुलिव्हन समोर येतात आणि त्यातले आपले कोणते ते ठरवता येत नाही.

आयर्लंडमध्ये १९२२ साली डब्लिनच्या फोर कोर्ट्समधलं दप्तर जळालं, हे खरं. म्हणून सगळं संपलं असं नाही. सर्वांच्या जन्म-मृत्यूची सरकारी नोंद १८६४ पासून आहे. जेरेमाया त्याआधी जन्मले असतील तर कॅथलिक बाप्तिस्म्याची पुस्तकं बघा, राष्ट्रीय ग्रंथालयाने ती फुकट खुली केली आहेत. शोधताना एका स्पेलिंगवर अडू नका. घरात डिअरमिड म्हणून हाक मारलेला मुलगा पाद्र्याच्या लॅटिनमध्ये जेरेमियास होतो आणि दुसऱ्या कागदावर डार्बी.

मागे राहिलेली भावंडं १९०१ आणि १९११ च्या जनगणनेत भेटतील. दहा वर्षांत वय पंधराने वाढलेलं दिसलं तर चक्रावू नका. १९०९ मध्ये सत्तरीनंतरचं पेन्शन सुरू झालं आणि बऱ्याच जणांचं वय एकदम वाढलं. वयाच्या पुराव्यासाठी १८४१ आणि १८५१ च्या जनगणनेतून उतारे काढले जात. मूळ वह्या जवळजवळ सगळ्या जळाल्या, पण त्या शोधाचे अर्ज राहिले. त्यांतल्या एका अर्जावर मला सासऱ्यांच्या पणजीचं नाव आईबापांसकट सापडलं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आणि एक. आतेसासूबाईंना विचारा, लहानपणी घरात सुलिव्हनला जोडून आणखी एखादा शब्द ऐकला होता का. बेरात सुलिव्हन इतके, की प्रत्येक शाखेला उपनाव असे. आमच्या आतेसासूबाईंना 'रुआ' एवढंच आठवत होतं, अर्थ ठाऊक नव्हता. आयरिशमध्ये रुआ म्हणजे लाल, इथे लाल केसांचे. १८५० च्या दशकातल्या ग्रिफिथच्या जमीन-मूल्यांकनात एकाच टाउनलँडमध्ये सहा सुलिव्हन होते. त्यातल्या एकाच्याच नावापुढे कंसात 'रुआ' छापलेलं होतं. घर तेच निघालं.