गर्भारपणात निजावे कसे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : मला एकोणतिसावा आठवडा चालू आहे. रात्री डाव्या कुशीवर झोपते, पण पहाटे जाग येते तेव्हा हमखास पाठीवर असते. बाळाचा रक्तपुरवठा रात्रभर तुटला असेल या विचाराने पुढे डोळ्याला डोळा लागत नाही. डावे अंग अवघडून गेले तरी उजवीकडे वळायची भीती वाटते. काय करावे?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : जाग आल्यावर तुम्ही पाठीवर असलात तर त्यात तुमची काहीही चूक नाही, आणि बाळाचा रक्तपुरवठा तुटलेलाही नाही. अशा वेळी स्वस्थपणे कुशीवर वळावे आणि पुन्हा झोपावे, एवढेच करायचे असते. ही धास्ती अनेकजणींना पोखरत असते, म्हणून उताणे निजल्यावर आत नेमके काय होते ते सविस्तर सांगते.

पाय आणि ओटीपोट यांतले रक्त हृदयाकडे परत नेणारी महाशीर कण्याला लागून, किंचित उजव्या बाजूने वर जाते. शिरेची भिंत धमनीसारखी ताठ नसल्यामुळे ती बाहेरच्या दाबाने सहज चेपली जाते. साधारण विसाव्या आठवड्यात गर्भाशय बेंबीपर्यंत पोहोचते आणि तिथून पुढे, सपाट उताणे निजले की बाळ, वार आणि गर्भजल यांचे सगळे वजन या शिरेवर येऊ लागते. हृदयाकडे येणारे रक्त घटले की हृदयातून बाहेर पडणारे रक्तही घटते. गर्भारपणाच्या अखेरच्या टप्प्यातील स्त्रियांची एमआरआय तपासणी न्यूझीलंडमधील संशोधकांनी केली, तेव्हा डाव्या कुशीच्या तुलनेत उताण्या स्थितीत ही घट सुमारे १६ टक्के भरली. मात्र त्याच वेळी कण्यालगतच्या दुसऱ्या शिरांमधून बरेच रक्त आडवाटेने वर जाते, हेही त्या तपासणीत स्पष्ट दिसले. म्हणूनच बहुतेकींना उताणे निजूनही काही जाणवत नाही. काहीजणींना मात्र घाम फुटतो, मळमळते, छातीत धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्या कुशीवर वळल्या की थोड्याच वेळात बरे वाटते.

कुशीवर झोपण्याचा सल्ला अठ्ठावीस आठवड्यांनंतर, म्हणजे आपल्या बोलीत सातवा लागला की, आग्रहाने दिला जातो. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आदी ठिकाणच्या अभ्यासांची माहिती एकत्र करून २०१९ मध्ये जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्यात या काळात पाठीवर झोपी जाणाऱ्या स्त्रियांमध्ये बाळ पोटातच दगावण्याची शक्यता डाव्या कुशीवर झोपी जाणाऱ्यांच्या अडीच पटींहून अधिक आढळली. आकडा ऐकून छातीत धस्स होते, हे मी समजू शकते. पण मुळात ही घटना विरळ आहे, आणि त्या अभ्यासांत विचारलेला प्रश्न होता तो झोपी जाताना तुम्ही कशा होतात, हा. आपण झोप लागताना ज्या स्थितीत असतो, त्याच स्थितीत सहसा सर्वांत जास्त वेळ राहतो. त्यामुळे तुमच्या हातात आहे ते इतकेच, की रात्री अंथरुणाला पाठ टेकताना, लघवीला उठून पुन्हा झोपताना आणि दुपारी लवंडतानाही कुशीवर निजायचे.

उजव्या कुशीबद्दलची तुमची भीती तर आजच सोडून द्या. महाशीर उजवीकडे असल्यामुळे डावी कूस सरस, असे शिकवले जाते आणि तर्काने ते बरोबरही आहे, पण वरच्याच निष्कर्षात उजव्या आणि डाव्या कुशीत धोक्याचा फरक आढळला नाही. छातीत जळजळ होत असेल तर डावी कूस अधिक सुखाची वाटते. एरवी अंग अवघडले की खुशाल वळावे.

पाठीमागे एक लांब लोड किंवा गुंडाळलेली गोधडी अशी लावून ठेवा, की झोपेत मागे कललात तरी पाठ पूर्ण सपाट होणार नाही. दुसरी उशी दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घ्या आणि ती घोट्यापर्यंत पोहोचेल असे पाहा. नुसत्या गुडघ्यांत घेतली तर पाऊल खाली लोंबते आणि कंबर पिळली जाते. पोट खाली ओढल्यासारखे वाटत असेल तर त्याखाली साडीची चौपदरी घडी सरकवावी.

प्रश्न : पाचवा महिना सरत आला आहे. गर्भिणींच्या व्यायामवर्गात पाठीवर निजून सेतुबंधासन आणि शेवटी दहा मिनिटे शवासन करवून घेतात. मैत्रीण म्हणते, आता पाठ टेकायचीच नाही. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, पुणे

उत्तर : मैत्रिणीचा सल्ला काळजीपोटी आला आहे, पण तो जरा टोकाचा आहे. तपासणीच्या टेबलावर किंवा सोनोग्राफीसाठी आपण उताणे निजतोच. टाळायचे आहे ते दीर्घकाळ सपाट, हालचाल न करता पडून राहणे. सेतुबंधासनाची चार-सहा आवर्तने करून लगेच कुशीवर वळलात, आणि त्या वेळी काहीही त्रास होत नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. दहा मिनिटांच्या शवासनाला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात, आठव्या महिन्यातल्या एका विद्यार्थिनीला मी इतरांबरोबर शवासनात निजवले होते. डोळे मिटलेले, खोलीत शांतता, आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब जमलेले मला दिसले. जवळ गेले तर ओठ पांढरे पडलेले, आणि बोलायला लावले तर तिला शब्द जुळवता येईनात. डाव्या कुशीवर वळवल्यावर दोन-तीन मिनिटांत चेहऱ्यावर रंग परतला. बाळ-बाळंतीण पुढे सुखरूप राहिली, पण ते थेंब मी विसरलेले नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे शवासन कुशीवर होते, गुडघ्यांत उशी घेऊन.

तुमच्या शिक्षिकेला विनासंकोच पर्याय मागा. कंबरेचे व्यायाम हातगुडघ्यांवर, मार्जारासनात करता येतात किंवा भिंतीला पाठ लावून उभ्याने करता येतात. मांडीचे व्यायाम कुशीवर निजून उत्तम होतात. पाठ टेकणे अगदी आवश्यकच असेल, तर लोडाला रेलून डोके आणि छाती उंच ठेवावी, किंवा उजव्या कुल्ल्याखाली चादरीची जाड घडी घालून शरीर डावीकडे कलते ठेवावे. सिझेरियनच्या वेळी भूलतज्ज्ञ टेबल डावीकडे कलते करतात किंवा उजव्या कुल्ल्याखाली पाचर देतात, त्यामागे हेच कारण आहे.

निजलेल्या स्थितीतून उठताना डोके उचलून सरळ उठू नका. पोटाच्या मधल्या स्नायूंवर त्याने ताण येतो. आधी गुडघे दुमडा, खांदे आणि कंबर एकदमच वळवून कुशीवर या, पाय खाली सोडा आणि वरच्या हाताने रेटा देऊन बसा. गादी जमिनीवर घातलेली असेल तर बसल्यावर आधी एक गुडघा टेकून, भिंतीचा किंवा खुर्चीचा आधार घेऊन मगच उभे राहा. व्यायामात चक्कर, रक्तस्राव, पाणी जाणे, छातीत किंवा पोटरीत दुखणे यांपैकी काहीही जाणवले तर तिथेच थांबून डॉक्टरांना कळवावे.

प्रश्न : सून सहाव्या महिन्यात आहे. कूस बदलताना आधी उठून बसावे, निजल्या निजल्या वळले तर बाळाला नाळेचा वेढा पडतो, असे आम्ही ऐकत आलो. ती ऐकत नाही. तिला पालथे निजायचीही सवय आहे. आपण समजावावे.
– एक सासूबाई, सांगली

उत्तर : काकू, तुमची काळजी पत्राच्या अक्षराअक्षरांत दिसते, पण या बाबतीत सूनबाईंचे बरोबर आहे. आईने कूस बदलल्याने वेढा पडत नाही. बाळ पाण्यात तरंगत स्वतःच गिरक्या घेते, आणि त्यातूनच नाळ कधी मानेभोवती येते. जन्मतः असा वेढा साधारण दर चार-पाच बाळांमागे एकाला असतो आणि त्यांतली बहुतेक बाळे ठणठणीत जन्मतात. रात्रीतून दहा वेळा उठून बसायला लावले तर तिची झोप मोडते आणि कंबर धरते, इतकेच होते.

पालथे निजणे सुरुवातीच्या महिन्यांत निर्धोक आहे, आणि पोट वाढले की तिला ते आपोआप जमेनासे होईल. पुढे बाळाच्या हालचालींकडे मात्र तुम्ही दोघींनीही लक्ष ठेवा. नेहमीपेक्षा हालचाल मंदावल्यासारखी वाटली, तर वेढा असेल की झोपले असेल असे तर्क करत सकाळपर्यंत थांबू नका; रात्र असली तरी त्याच वेळी तिला रुग्णालयात घेऊन जा.