हमीपत्रावर सही तुमची आहे, म्हणून आधी तो मेसेज मागे घ्यायला लावा

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मी मूळचा नाशिकचा, गेली सोळा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात शार्लटजवळ राहतो. आम्ही तिघांनी एलएलसी (मर्यादित दायित्वाची कंपनी) काढून स्टॉक कार रेसिंगची छोटी टीम उभी केली. आर्का मेनार्ड्स या नॅसकारच्या खालच्या पायरीच्या मालिकेत निवडक शर्यती धावतो. माझा वाटा २० टक्के. इंजिनं मूर्सव्हिलच्या एका इंजिन शॉपकडून तीन वर्षांच्या भाडेकराराने घेतली, त्यातलं दीड वर्ष उरलंय. या सीझनला दोन इंजिनं भर शर्यतीत फुटली. आता दुसऱ्या ब्रँडची एक कंपनी इंजिनांसह तंत्रसाहाय्य देऊ करतेय, पण इरादापत्रावर (पक्क्या कराराआधीच्या कागदावर) दोन आठवड्यांत सही मागते. चार दिवसांपूर्वी आमच्या मोठ्या भागीदाराने चिडून शॉपच्या मालकाला मेसेज केला, ‘तुमचं आमचं संपलं.’ मालक फोनवर म्हणाला, ‘उरलेलं सगळं भाडं वसूल करीन.’ करारासोबतच्या वैयक्तिक हमीपत्रावर (कंपनीने पैसे दिले नाहीत तर मी देईन, या कागदावर) सही एकट्या माझी आहे. इथलं घर दोघा नवराबायकोच्या नावावर, नाशिकचा फ्लॅट माझ्या नावावर. आम्हाला बाहेर पडता येईल का? माझं घर जाईल का?

उत्तर:

सर्वांत आधी त्या मेसेजबद्दल लिहिते. बाकी सगळ्याला थोडा वेळ आहे, त्याला नाही. रागाच्या भरात लिहिलेल्या त्या एका ओळीचा कायद्यात सरळ अर्थ निघतो: मुदत संपायच्या आधीच तुम्ही करार पाळायला नकार दिलात. वस्तू भाड्याने देण्याघेण्याला या राज्यात व्यापारी संहितेचं प्रकरण २अ लागू होतं, आणि त्यात असा नकार मिळाला की समोरच्याला भरपाई मागता येते. इंजिनं फुटली त्यांची, पण करार मोडलात तुम्ही, अशी उलटी मांडणी करायला कोणत्याही वकिलाला एवढी ओळ पुरेल.

त्याच प्रकरणात नकार मागे घेण्याची सोयही आहे. तुमचा पुढचा हप्ता देय होईपर्यंत तो मागे घेता येतो. मात्र त्याआधी समोरच्याने करार रद्द केलेला नसावा, तुमच्या नकारावर विसंबून इंजिनं दुसऱ्या टीमला देऊन टाकलेली नसावीत, किंवा ‘हा नकार आम्ही अंतिम धरतो’ असं सांगितलेलं नसावं. मालकाचं फोनवरचं बोलणं या शेवटच्या गटात ओढायचा प्रयत्न होईल, म्हणून एक दिवसही घालवू नका. कंपनीच्या वतीने, मॅनेजरच्या सहीने, करारात नोटिशीसाठी दिलेल्या पत्त्यावर पत्र जाऊ द्या: तो मेसेज मागे घेत आहोत, करार चालू आहे, आम्ही तो पाळू. हप्त्याची तारीख आली असेल तर हप्ताही भरा. भागीदार कुरकुर करतील. त्यांना लेखी कळवा की हमी तुमची आहे आणि त्यांच्या मेसेजची किंमत तुमच्या खिशातून जाणार आहे. वाटा २० टक्क्यांचा असला तरी हमी बहुधा शंभर टक्क्यांची असते.

आता इंजिनं. तुम्ही लिहिलंय की दोन्ही इंजिनं ‘नेहमीप्रमाणे शॉपकडे परत गेली’. तुमच्या बाजूचा सगळ्यात कच्चा दुवा मला इथे दिसतो. भाड्याची इंजिनं सील लावून येतात, टीम ती उघडत नाही, शर्यतीनंतर ती परत जाऊन तिथेच खोलली जातात. व्हॉल्व्ह तुटला, स्प्रिंग गेली की बेअरिंगला तेल पोचलं नाही, हे फक्त शॉपलाच कळतं. आणि शॉपचं उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: तुमच्या ड्रायव्हरने गिअर चुकवून इंजिन जादा फिरवलं, नाहीतर पुढच्या जाळीवर कचरा अडकून ते तापलं. अशा करारांत जादा फिरवणं आणि तापवणं हे बहुतेकदा भाडेकरूच्या माथ्यावर घातलेलं असतं. माझ्याकडे पूर्वी एक टीम अशीच आली होती. तोवर फुटलेला ब्लॉक भंगारात गेला होता, चांगले भाग धुऊन दुसऱ्या इंजिनात बसले होते. टीमचं म्हणणं खरं असावं असं मला आजही वाटतं, पण हातात दाखवायला काहीही नव्हतं.

म्हणून दुसरं पत्र याच आठवड्यात: दोन्ही इंजिनांचे तुटलेले भाग, खोलल्यावरचे फोटो, डायनोवरच्या (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरच्या) नोंदी जपून ठेवा, आमच्या माणसासमोर तपासणी करू द्या. असं पत्र मिळाल्यावर भाग नाहीसे झाले तर त्याचा अर्थ शॉपविरुद्ध लावायला न्यायालयाला जागा मिळते. तुमच्याकडचा डेटा लॉगर आजच काढा आणि त्याच्या दोन प्रती करा. फुटण्याआधीच्या लॅप्समधले आरपीएम, तेलाचा दाब, पाण्याचं तापमान त्यात आहे. ड्रायव्हरवरचा आरोप त्याच नोंदीतून खोटा ठरेल किंवा खरा. खरा ठरणार असेल, तर तो तुम्हाला आधी कळलेला बरा.

तक्रार तुम्ही पिट रोडवर तोंडी केली आणि व्हॉट्सॅपवर दोन ओळी टाकल्या. माल स्वीकारल्यावर दोष आढळला तर वाजवी मुदतीत कळवायचा, नाहीतर उपाय गमावायचा, असा प्रकरण २अचा नियम आहे. ते व्हॉट्सॅप संदेश पुसू नका, तेही कळवणंच आहे. पण करारात लेखी नोटीस सांगितली असेल, तर दोन्ही शर्यतींची तारीख, लॅप आणि काय झालं ते मांडून रीतसर नोटीस आता द्या.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. ‘इंजिन फुटलं म्हणजे करार मोडला’ हे समीकरण रेसिंगमध्ये सहसा चालत नाही. अशा इंजिनांच्या करारात ‘आहे त्या स्थितीत, कोणतीही हमी नाही’ हे वाक्य ठळक अक्षरांत असतं, आणि ठळक असलं की ते बहुधा टिकतं. म्हणून शॉपने नेमकं काय कबूल केलंय ते शोधा: प्रत्येक शर्यतीला किती ताजी इंजिनं, डायनोवर किमान किती ताकद, बिघाडानंतर किती दिवसांत बदली, ट्रॅकवर ट्यूनर (इंजिन जुळवून देणारा तंत्रज्ञ) पाठवायचा की नाही. दुसऱ्या बिघाडानंतर बदली इंजिन वेळेत आलं नाही आणि तुमची एक शर्यत हुकली, असं तुमच्या पत्रात शेवटी एका ओळीत आलंय. माझ्या मते तुमच्या प्रकरणाचा कणा तीच ओळ आहे. ‘बिघाड झाल्यास बदली इंजिन, एवढाच उपाय’ असं करार म्हणत असेल आणि बदलीच मिळत नसेल, तर त्या उपायाचा हेतूच फसला असं मानून कायद्यातले इतर उपाय खुले होतात.

बाहेर पडण्याचा सरळ रस्ताही इथूनच जातो. समोरचा पुढे करार पाळेल की नाही याबद्दल शंका घ्यायला रास्त कारण असेल, तर तुम्ही लेखी आश्वासन मागू शकता: उरलेल्या शर्यतींना ठरलेली इंजिनं ठरल्या वेळी कशी देणार ते सांगा. पत्र पोचल्यापासून वाजवी मुदतीत, जास्तीत जास्त ३० दिवसांत, समाधानकारक उत्तर आलं नाही तर नकार त्यांचा ठरतो. मग तुम्ही बाहेर पडता ते करार मोडून पडत नाही. उत्तर चांगलं आलं, तर तुम्हाला इंजिनं मिळतील. तेही वाईट नाही. मात्र ‘तुमचं आमचं संपलं’ हा मेसेज उभा असताना हे पत्र पाठवलंत तर त्याला वजन राहणार नाही, म्हणून क्रम सांभाळा.

‘उरलेलं सगळं भाडं’ ही धमकी जशीच्या तशी खरी नाही. करारात तसं कलम असलं तरी भरपाईची ती रक्कम करार करताना दिसणाऱ्या संभाव्य नुकसानीच्या मानाने वाजवी असावी लागते. परत गेलेली इंजिनं शॉप दुसऱ्या टीमला भाड्याने देऊ शकत असेल, तर हिशेबात त्याचाही प्रश्न येतो. वकिलाच्या फीबद्दल एक बारीक मुद्दा तुमच्या बाजूने आहे. व्यापारी करारात ‘हरणाऱ्याने जिंकणाऱ्याची फी द्यावी’ असं परस्पर कलम या राज्यात चालतं, पण सगळ्या पक्षांनी करारावर हाताने सही केलेली असेल तरच. तुम्ही लिहिता की सह्या कॉम्प्युटरवर क्लिक करून झाल्या. तरी एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. थकलेल्या भाड्यासाठी वेगळं कलम आहे आणि त्याखाली थकबाकीच्या १५ टक्क्यांपर्यंत फी लागू शकते.

बदल करावा की नाही हा निर्णय तुमचा, पण नॅसकारच्या मोठ्या टीमांनी तो कसा केला ते पाहा. जो गिब्स रेसिंगने २००७ चा सीझन शेव्हरोलेवर पुरा केला आणि २००८ ला टोयोटा घेतली. पेन्स्कीने मार्च २०१२ मध्ये फोर्डकडे जाणार असं जाहीर केलं, आणि तो अख्खा सीझन डॉजवर धावून विजेतेपदही डॉजवरच जिंकलं. स्ट्युअर्ट-हासने फेब्रुवारी २०१६ मध्ये फोर्ड जाहीर केली, तरी त्या वर्षी सोनोमाच्या शर्यतीत त्यांचा ड्रायव्हर टोनी स्ट्युअर्ट जिंकला तो शेव्हरोलेत. लेगसी मोटर क्लबने मे २०२३ मध्ये सांगितलं आणि बदल २०२४ ला केला. चौघांनीही चालू सीझन जुन्या इंजिनावर पार पाडला. नवी कंपनी तुम्हाला दोन आठवडे देते आहे. तिला खरोखर तुमची टीम हवी असेल, तर ती सीझन संपेपर्यंत थांबेल. विचारून पाहा.

फर्निचर रो रेसिंगचंही पाहा. डेन्व्हरची ही टीम २०१६ ला शेव्हरोले सोडून टोयोटाकडे गेली आणि २०१७ ला मार्टिन ट्रुएक्स ज्युनिअरसह विजेती झाली. २०१८ च्या अखेरीस ती बंद पडली. मोठा प्रायोजक गेला होता आणि गिब्सबरोबरच्या तांत्रिक सहकार्याचा खर्च वाढत चालला होता. विजेत्या टीमची ही गत झाली. तुमच्या इरादापत्रात पहिल्या वर्षी विंड टनेलचे (गाडीवर वाऱ्याचा परिणाम तपासण्याच्या सोयीचे) तास मोफत आहेत. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षीचा दर मात्र त्यात कुठेच नाही. तो आकडा लेखी घ्या. कंपनीच रेसिंगमधून बाहेर पडली तर काय, हेही लिहून घ्या. डॉज २०१२ नंतर बाहेर पडली होती.

आणखी एक विचारा: नक्की काय बदलायचंय? नॅसकारच्या सर्वांत वरच्या कप मालिकेत ब्रँड आणि इंजिन एकत्रच येतं. आर्कात तसं नाही. इल्मोर कंपनीचं ३९६ घन इंचाचं इंजिन तिथे वेगवेगळ्या ब्रँडच्या बॉडीखाली धावतं. म्हणजे ब्रँडचं साहाय्य आणि इंजिनाचा पुरवठा हे दोन वेगळे सौदे असू शकतात, आणि जुन्या शॉपची मुदत संपेपर्यंत नव्या कंपनीकडून फक्त साहाय्य घेता येईल का, हे बोलून बघण्यासारखं आहे.

इरादापत्राच्या चौथ्या परिच्छेदाखाली मी लाल रेघ मारली असती. ‘आमच्यावर दुसऱ्या कोणत्याही इंजिन-पुरवठ्याच्या कराराचं बंधन नाही’ असं त्यात तुम्ही लिहून देताय. आजच्या घडीला हे खोटं आहे. त्यावर सही केलीत तर उद्या दोन्ही बाजूंनी अडकाल: जुना म्हणेल करार मोडला, नवा म्हणेल फसवलं. तसंच, तुमच्या पत्रात येतंय की शॉपचा ट्यूनर तुमच्याकडे यायला तयार आहे आणि ‘सगळ्या शीट्स घेऊन येईन’ म्हणतो. माणूस घ्यायचा तर आधी त्याचा स्वतःचा नोकरीचा करार तपासा. शीट्स मात्र घेऊ नका. कॅमची मापं, डायनोच्या नोंदी, सेटिंग्ज हे शॉपचं व्यापारी गुपित ठरू शकतं. राज्याचा आणि केंद्राचा असे दोन्ही कायदे त्याला लागू होतात, आणि मग भाड्याच्या साध्या वादाचं रूपच बदलतं.

आता घर. तुमच्या पत्रातली ती ओळ वाचून मी थांबले, कारण प्रश्न कराराचा विचारलात तरी भीती घराची आहे. लग्नानंतर दोघांच्या नावाने घेतलेलं घर या राज्यात सहसा ‘टेनन्सी बाय द एन्टायरटी’ (नवराबायकोची मिळून एकच अविभाज्य मालकी) या प्रकारात मोडतं. एकट्या नवऱ्याच्या किंवा एकट्या बायकोच्या धनकोला ते घर विकून वसुली करता येत नाही. हमीपत्रावर सही एकट्या तुमची असेल, तर शॉपने उद्या निकाल मिळवला तरी घराला हात लागणार नाही. घटस्फोट झाला किंवा पत्नीचं आधी निधन झालं तर मात्र हे कवच जातं. तुमचं एकट्याचं बचत खातंही या कवचात येत नाही. नाशिकच्या फ्लॅटवर अमेरिकन निकालाची थेट अंमलबजावणी होत नाही, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली अमेरिका परस्पर प्रदेश (ज्याचे निकाल भारतात थेट बजावता येतात असा देश) म्हणून अधिसूचित नाही. शॉपला त्या निकालाच्या आधारे भारतात नवा दावा लावावा लागेल, तोही तीन वर्षांच्या आत. इंजिनांच्या भाड्यासाठी कुणी एवढा खटाटोप करणं कठीण आहे, पण ते अशक्य नाही.

भाडं, मुदत किंवा इंजिनांची संख्या यांत तुम्हाला न विचारता मोठा बदल झाला असेल, तर हमीतून सुटण्याचा मुद्दाही मांडता येतो. हमीपत्रात तुम्ही तो हक्क आधीच सोडून दिला नसेल तर. जुन्या शॉपशी तडजोड झाली, तर तुमची हमी रद्द केल्याचा वेगळा कागद घेतल्याशिवाय तडजोडीवर सही करू नका. भागीदारांना पैशाची घाई असेल, तुम्ही या कागदासाठी अडून बसा.

आणि नव्या कंपनीने पाठवलेल्या हमीपत्राच्या नमुन्यात, शेवटच्या पानावर, जोडीदाराच्या सहीची एक रेघ आहे. वहिनींना तिथे सही करू देऊ नका. त्या एका सहीने घरावरचं कवच त्या कर्जापुरतं गळून पडेल.